मढ्यावरची घोंगडी

घोंगड्यांची गाडी आमच्या पुढ्यात थांबलीच न्हाई. बैलं तशीच पुढं हाकली, अन् देशमुखाचा कारभारी लांबनंच वरडला, "हात कावून पसरताव? तुमाला नव्या घोंगड्या कशाला? पलीकडं रोज मानसं मरत्यात. त्यांच्या अंगावरच्या तुमच्याच हाईत की. हक्क हाय तुमचा!"

अन् हसला. गाडीवरचे गडी हसले. मागं घोड्यावर देशमुख व्हता. घोंगड्या त्याच्या खैरातीतल्या. तोंडात पान व्हतं, म्हनून त्यो नुसता गालात हसला.

मी चिमीला कडंवर घिऊन उभी व्हते. माझी लेक, चार वर्सांची. अंगावर माझ्याच लुगड्याचं फाडलेलं धडपं. दात वाजत व्हते तिचे, मला ऐकू येत व्हते.

हे मानमोडीच्या सालातलं सांगते. पाऊस पडला न्हाई. इहिरी आटल्या. आष्टीकडची गावंच्या गावं उठली अन् त्या माळावर येऊन पडली. निजाम सरकारनं तट्ट्याची छपरं ठोकून छावनी केली, अन् तिचा कारभार देशमुखाकडं दिला. एका छपरात इतकी मानसं, की रातच्याला कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागायचं. त्यात थंडी. त्यात मानमोडीचा ताप. आज अंग तापलं, की दोन दिसांत मानूस खलास.

अन् आमी म्हारं? आमाला छप्पर बी न्हाई. छावनीच्या खालच्या अंगाला, समदी जिथं परसाकडं यायची, तिथं आमची जागा. दगड रचून आडोसा केलता. वारा सुटला की समदा वास आमच्या तोंडात. खाताना बी त्यो वास, निजताना बी त्योच.

काम मातर आमचंच. मेलेल्याची लाकडं वाहायची, कुनाचं कुनी नसलं तर मढं बी वढायचं. गावात बी हेच व्हतं. लाकडं म्हारानं न्यायची, अन् मढ्यावरचं कापड म्हारानं घ्यायचं. माझा सासरा त्याला वतन म्हनायचा. छाती फुगवून म्हनायचा. त्या दिशी बी गाडी गेल्यावर म्हनला, "बरोबर हाय कारभाऱ्याचं. मिळंल आपल्याला. दम धरा."

दम धरला. कसा धरला, ते सांगायची बी लाज वाटती. वर छपरात कुनी हंबरडा फोडला, की खाली आमच्यातली मानसं उठून बसायची. कोन गेलं? अंगावर काय व्हतं? नवी का जुनी? कुनाची माय मरती, कुनाचं लेकरू मरतंय, अन् आमी घोंगडीचा इचार करतोय! शिसारी आली मला. देशमुखाची आली, त्याच्या दानधर्माची आली, अन् आमची बी आली.

आमच्यापासनं जवळ, छपराच्या कडंला, एक कुनब्याची म्हातारी पडून असायची. संगं तिचा एकुलता लेक. तिला काळी नवी घोंगडी मिळालती, पांढऱ्या काठाची. खोकून खोकून तिचा जीव जायचा. एकदा मी डोक्यावर लाकडं घिऊन लांबनं चालले व्हते, तर तिनं घोंगडी हनुवटीपत्तोर वढली अन् म्हनली, "काय बघतीस गं? मरायची वाट बघतीस व्हय माझी?"

"न्हाई, माय," म्हनले, अन् मान खाली घालून निघाले. तिचं बी काय चुकलं? घारी घिरट्या घालाव्या तसं आमचं झालतं.

पर खरं सांगू का, त्यानं बी मी जागी झाले न्हाई. मला जागं केलं माझ्या लेकीनं.

सकाळी उनात चिमीला मांडीवर घिऊन बसले व्हते. पोरीचे ओठ निळे पडलेले. रातभर तिला छातीशी धरून मी जागी, तरी तिच्या पायांत ऊब न्हाई. ती टक लावून वर छपराकडं बघत व्हती. मग म्हनली, "आई, ती म्हातारी कदी मरंल? मला लई थंडी वाजती."

कडंला जाऊन मी वकले. पोटात काय व्हतं? नुसतं पिवळं पानी पडलं. चार वर्सांचं लेकरू! ज्याला मरन म्हंजे काय ठावं न्हाई, ते दुसऱ्याचं मरन मागतंय. अन् हे तिला मी शिकवलं न्हाई. पान खाऊन हसनाऱ्यानं शिकवलं. थू त्याच्या खैरातीवर!

दुसऱ्या दिशी म्हातारी गेली.

कारभारी आला. नाकाला उपरनं बांधलेलं. त्यानं काठीच्या टोकानं तिच्या अंगावरची घोंगडी उचलली. म्हातारीचं लुगडं फाटकं, ती तशीच उघडी पडली. लेक बसल्या जागी तोंड झाकून रडाय लागला. कारभाऱ्यानं काठीनंच घोंगडी आमच्याकडं भिरकावली. थुंकी-शेंबडानं ओली गच. आमच्या पायांपाशी येऊन पडली.

"घे रे, तुझा हक्क. अन् लाकडं आन बिगीबिगी."

"जोहार मायबाप," म्हनत सासरा वाकला.

त्याच्या आधी मी उचलली. त्याला वाटलं, चिमीसाठी घेतली. मी तशीच वर चालत गेले, जिथं आमी पाय ठिवायचा न्हाई तिथं, अन् म्हातारीला पांघरली. डोक्यापासनं पायापत्तोर. छपरातनं एकच गलका उठला. बाटवलं, बाटवलं!

मी म्हनले, "मढ्याचं मढ्यापाशी ऱ्हाऊ द्या. आमाला जित्यानं पांघरायची द्या. तवर लाकूड यायचं न्हाई."

कारभारी सासऱ्याला म्हनला, "माज आला का बे तुझ्या सुनंला?"

सासऱ्यानं माझ्या थोबाडीत मारली. "सटवे, वाडवडलांचा हक्क घालवती व्हय?" दुसरी मारायला हात उचलला, त्यो आमच्या मालकानं, चिमीच्या बानं, वरच्यावर धरला. मालक कमी बोलायचे. कुऱ्हाड खाली ठिवली अन् म्हनले, "आबा, म्या लाकडं आनत न्हाई."

मग एकेकानं कुऱ्हाडी ठिवल्या. दोघं भिऊन लाकडं आनाय गेलते, ते बी अर्ध्या वाटंतनं फिरले. कारभाऱ्यानं छावनीतनं मिळनारी आमची आंबील बंद केली. लेकरं उपाशी रडत व्हती. वाटलं, पोर थंडीनं मरायची ती आता भुकंनं मरती का काय. तरी बसून ऱ्हायलो.

आमच्या उपासाची कुनाला पडली नव्हती. पडली ती मढ्यांची. दुपार कलली, माश्या घोंगावाय लागल्या. वरच्यांना हात व्हते की, पर लाकडं वाहायचं काम त्यांचं न्हाई म्हनं! शेवटी म्हातारीचा लेक उठला. म्हनला, "कारभारी, देऊन टाका त्यांना. माझी माय उनात पडलीय."

तवा गाडी आली. कडब्याच्या पेंढ्या फेकाव्या तशा घोंगड्या फेकल्या. मी उचलली. मला लाज वाटली न्हाई, फेकनाऱ्याला वाटाया पायजे व्हती. चिमीला गुंडाळली अन् तिचे पाय चोळत बसले. पोर वाचली. म्हातारी तिच्या घोंगडीसकट जळाली.

देशमुख मग तालुकाभर सांगत फिरला, म्या म्हारांना बी नव्या घोंगड्या वाटल्या. लोकं त्याच्या पाया पडली.

सासरा एकदा म्हनला, "गावात गेल्यावर काय करशील? उद्या देशमुखाच्या वाड्यात मढं पडलं, वर रेशीम असंल. ते बी न्हाई म्हनशील?"

"म्हनीन," म्हनले. "ज्यानं जित्यापनी माझी लेक उघडी ठिवली, त्याचं मेल्यावरचं रेशीम माझ्या दारात यायचं न्हाई. अन् लाकडं त्याच्या लेकांनी वाहावीत. आमच्या घरातलं कुनी जानार न्हाई."