शिवून आलेली जीन्स

आमच्या पंक बँडचा कायदा एकच होता: धड जीन्स घालून कुणी स्टेजवर चढायचं नाही. कायदे मोडायला जमलेल्या आम्ही तिघी मुली, आणि हा कायदा केला होता मी. तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

सराव शहरातल्या मेहरूण भागात, आमच्या गच्चीवरच्या खोलीत चालायचा. गाणी मी लिहायचे. बाईच्या अंगावर हक्क कुणाचा, पोरीनं पोरीवर प्रेम केलं तर लोकांच्या पोटात का दुखतं, पैसेवाल्यांनी बाकीच्यांना किती दाबायचं, सगळं बेंबीच्या देठापासून ओरडून. वडील खालून म्हणायचे, "जरा हळू!" आणि पाठोपाठ चहा वर पाठवायचे. माझ्यावर झालेला जुलूम तो एवढाच.

ड्रम वाजवणारी मैत्रीण एरंडोलजवळच्या खेड्यातली. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जाते. मैत्रिणीकडे जीन्स एकच होती. त्या जीन्सचे दोन्ही गुडघे मी ब्लेडनं फाडले तेव्हा तीही हसली होती. मग ती सुट्टीला घरी जाऊन आली, आणि मी बघते तर गुडघे शिवलेले. आईनं जुन्या लुगड्याचं ठिगळ आतून लावून बारीक टाके घातले होते. आपली लेक शहरात फाटकं घालून हिंडते, हे त्या बाईला कसं बघवणार?

"राहू दे आता," मैत्रीण म्हणाली.

"मग डोंबलाचं पंक!" मी म्हणाले, आणि कॉलेजच्या गॅदरिंगच्या दिवशी सगळे टाके उसवले. ती नुसती पाय पुढे करून बसून राहिली. मी त्याला होकार समजले. बाईच्या नकारावर मी तोवर दोन गाणी लिहिली होती, बरं का.

कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या. स्टेजमागे येतो तर तिची आई उभी. कुणाला न सांगता एसटीनं आली होती, शेंगांची पिशवी घेऊन. मला वाटलं, पोरीपोरींच्या प्रेमाचं गाणं हिनं ऐकलं, आता ही मुलीचं शिक्षणच बंद करणार! खेड्यातली बाई म्हटल्यावर मी दुसरं काही धरूनच चालले नव्हते.

"गळा चांगला शे वं तुना," ती मला अहिराणीत म्हणाली. मग तिची नजर लेकीच्या गुडघ्यांवर गेली. ती खाली बसली, उसवलेल्या कडा बोटांनी जुळवून बघू लागली.

"माय वं! मना टाका कच्चा पडना. माले नीट दिखनं नही, बेटा."

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मावशी, टाका पक्का होता, मी उसवला, एवढंच म्हणायचं होतं. तासभर माइकवर ओरडलेल्या मला ते म्हणता आलं नाही.

आईनं बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि एक गुडघा बंद केला. मग माझ्या टी-शर्टकडे पाहिलं. खांद्यापासून छातीपर्यंत मी शोभेच्या पिनाच पिना लावल्या होत्या.

"तुनाजोडे इतल्या पिना शेतस, एक दे ना. इना दुसरा गुडघा उघडा शे."

मी खांद्यावरची एक काढून दिली.

"गुणी पोर शे," ती लेकीला म्हणाली.