मामींसाठी समुद्राची हवा

हवेच्या बाबतीत माझ्या मामांइतका संशयी माणूस अमडापुरातच काय, अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात झाला नसेल. लोक पाणी गाळून पितात. मामांना जमलं असतं तर त्यांनी हवासुद्धा गाळून घेतली असती. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, पण फवारणीच्या औषधांचा वास नको म्हणून ते बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि गिऱ्हाइकानं आत जाऊन आपलं पोतं आपण काढायचं. माझ्या लग्नात त्यांनी मुहूर्त टळू दिला, पण कार्यालयाची मागची दारं उघडून घेतली. या साऱ्या खुळाचं मूळ एकच होतं, मामींचा दमा. मामी खोकल्या की मामांच्या तोंडचा घास अडायचा.

समुद्राच्या वाऱ्यानं छाती मोकळी होते, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं आणि धोशाच लावला. शेवटी त्यांच्या मुलीनं मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीची तीन दिवसांची तिकिटं काढून दिली. सोबतीला मी. पण पोरीनं घाईत घेतलेल्या खोलीला खिडकीच नव्हती. मामा दारातच थबकले. "बाहेर एवढा समुद्र पडला, अन् आपल्याले या कोठीत काऊन कोंबलं बे?" मग त्यांनी खिशातून कापसाची चिमूट काढली, छतातल्या जाळीखाली धरली, ती कशी हलते ते बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "थंडी हाय, पण ताजी नाही. साऱ्या बोटीची उष्टी हवा हाय ही."

त्यावर उपाय त्यांच्या पिशवीतच होता. आमच्याकडे उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. मामांनी तेच शास्त्र बोटीला लावलं आणि किलोभर पांढरे कांदे चिरून पलंगांखाली मांडले. संध्याकाळपर्यंत शेजारच्या खोल्यांतून तक्रारी गेल्या. हवेच्या नळीतच काही कुजलं असावं असं समजून दोन मिस्त्री आले, त्यांनी जाळी उतरवून धुतली, आतला फिल्टर बदलला. मामा शेजारी उभे राहून त्यांच्याकडून कोपरे पुसून घेत होते. कांद्यांबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मिस्त्री गेल्यावर मला म्हणाले, "पाह्य, आता कशी साफ झाली."

जेवणघराच्या दाराशी हात धुवायचे नळ होते, तिथं तर त्यांनी ठाणंच मांडलं. "भाईसाब, उंगल्या के बीच में बी घासो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि लोक त्यांना बोटीवरचेच साहेब समजून निमूट घासत. कोणी शिंकलं की मामींना ताट घेऊन दोन टेबलं पलीकडे जावं लागे. त्या बिचाऱ्या तीन दिवसांत एकही जेवण एका जागी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी त्यांना वरच्या डेकवर नेलं, शालीत गुंडाळून आरामखुर्चीत बसवलं. जरा वेळानं मामींचे डोळे मिटले. खोकला नाही, घरघर नाही. मामा तासभर शेजारी बसून राहिले. मी काही बोलायला गेलो तर हातानंच गप्प केलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "किती वर्सांनं अशी झोपली रे ही," ते पुटपुटले.

गावी परतल्यावर ती झोप त्यांनी साऱ्या अमडापूरला सांगितली. पुढच्या वर्षी चांगलं आठ दिवस जायचं, हेही ठरवून टाकलं. पण त्याआधीच मामा गेले, तेही ध्यानीमनी नसताना.

परवा मामींना भेटायला गेलो होतो. बोलता बोलता डेकवरच्या त्या झोपेचा विषय निघाला, तशा त्या हसल्या.

"झोपली कुठं होती मी? खोकला दाबून डोये लावून पडली होती. म्हटलं, तेवढाच त्यायच्या जिवाले आराम."

"मग मामांना सांगितलं का नाही कधी?"



"सांगणार होती ना. म्हटलं, पुढच्या खेपेले खरंच झोपीन, मंग सांगीन."