अर्धा सेकंद आधी

माझ्या भाचीला मी बेडकी म्हणतो. तिच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, नाव छान ठेवलं होतं. पण नवव्या वर्षी पोरगी ब्रेस्टस्ट्रोक शिकली, बेडकासारखे पाय झाडायला लागली आणि ते नाव मागे पडलं. रागावली की विचारायची, "मी बेडकी, तर तू कोण रे मामा?" मी म्हणायचो, "मी डबक्याचा राखणदार." ते खरंही होतं. मी पोहण्याच्या तलावाच्या पंपघरात कामाला आहे. पाणी गाळायचं, क्लोरीन मोजून टाकायचं, जाळीत अडकलेले केस आणि चिकटपट्ट्या काढायच्या. मला स्वतःला धड पोहता येत नाही. हसायचं तर हसून घ्या.

क्लबच्या सरांकडे तीस मुलं आणि डोळे दोन. एका सकाळी त्यांनी माझ्या हातात स्टॉपवॉच कोंबलं. "शिट्टी झाली की दाबा, हात भिंतीला लागले की दाबा. एवढं येईल ना?" आलं. पुढे मी वेळ ओरडायचो आणि सर ती फळ्यावर लिहायचे. चार जणांत म्हणायचे, "यांचा अंगठा म्हणजे यंत्र आहे." मी फुशारून जायचो. त्या अंगठ्याची आता मला लाज वाटते.

बेडकीच्या तुकडीत चौदा मुलं होती. सोळाव्या वर्षापर्यंत निम्मी गळली, अठराव्याला दोन उरली. भांडून कुणी जात नाही. आधी शनिवार चुकतो, मग क्लासची वेळ बदलते, कुणाला नोकरी लागते, कुणाला पोहण्याच्या कपड्यांत चारचौघांत उभं राहायला लाजल्यासारखं होतं. एक दिवस कळतं की अरे, तो येतच नाही हल्ली. मिसरूड फुटेस्तोवर ज्यांना पाण्यातून बाहेर काढायला शिट्टी फुंकावी लागायची, ती पोरं मोठी झाल्यावर तलावाच्या दारावरून मान वळवून जातात. मला याचा भयंकर राग यायचा. आमची बेडकी तशी जाणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला न विचारता.

पंधराव्या वर्षी तिची वेळ अडकली. चार महिने शंभर मीटरला एक मिनिट बावीस, जागची हलेना. एका सकाळी टॉवेल डोक्यावर घेऊन ती माझ्याजवळ बसली.

"मामा, पुढच्या महिन्यापासून मी येत नाही. माझ्याच्याने होत नाही."

मी काहीबाही बोलून तिला पाण्यात पिटाळलं. आणि परत येताना तिचे हात भिंतीपासून हातभर लांब होते तेव्हाच माझा अंगठा खाली गेला. घसरला, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. घसरला नव्हता.

"एकवीस पॉइंट पाच!" मी ओरडलो.

"खरंच?" पाण्यातूनच तिने विचारलं. चष्म्याच्या कडांनी गालावर वळ उठले होते आणि त्या वळांसकट ती हसत होती. सरांनी फळ्यावर लिहिलं. सोडायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

इथपर्यंत असतं तर लाडावलेला मामा म्हणून माफ झालो असतो. पण खोटा अर्धा सेकंद एकदा दिला की तो रोज द्यावा लागतो, आणि पोरीला पुढे सरकायचं असतं म्हणून वर थोडा आणखी. सुटताना शिट्टीनंतर जरा थांबून दाबायचं, येताना जरा आधी. एकदा मी शहाणपण करून खरी वेळ सांगितली. ती एकदम सेकंदाने वाढली. सरांनी तिला आजारी आहेस का विचारलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा माझ्या मार्गाला लागलो.

स्पर्धांमध्ये घड्याळ दुसऱ्यांच्या हातात असायचं. तिथे ती दरवेळी सेकंद-दीड सेकंद मागे पडायची. फळ्यावर एक आणि निकालात एक. माझ्या अंगठ्यावर कुणी कशाला शंका घेईल? सगळ्यांनी पोरीवर बोट ठेवलं. सर म्हणाले, "अंगात आहे, पण ऐन वेळी शेपूट घालते." ताईने तिला डोळे मिटून श्वास मोजायला बसवलं. सरांनी मन खंबीर करणाऱ्या कुण्या बाईंकडे पाठवलं. बेडकी नखं रक्त येईस्तोवर कुरतडायला लागली. आणि मी, तिचा सख्खा मामा, मूग गिळून गप्प. उलट शर्यतीआधी पाठ थोपटून म्हणायचो, "घाबरू नकोस गं." अजून ते वाक्य आठवलं की मला माझं तोंड बघवत नाही.

अठरावं लागलं. क्लबच्या मोठ्या संघात जायचं तर निवड चाचणीत एक मिनिट अठराच्या आत यायला हवं, आणि त्या वर्षी वेळ यंत्र मोजणार होतं. हात लागला की भिंतीवरची पट्टीच ते बंद करणार. माझ्या घड्याळात महिनाभर सतरा पॉइंट सहा येत होते. चाचणीच्या दिवशी तिने भिंतीला हात लावला आणि पाटीवर आकडा उजळला: एक एकोणीस पॉइंट दोन. बेडकी आकड्याकडे बघत पाण्यातच राहिली. शेवटी सरांना तिला हाक मारावी लागली.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. एक्स-रेच्या कोर्सला बेडकीला परगावी प्रवेश मिळाला होता, सोमवारी हजर व्हायचं होतं. "जात नाही म्हणते. तू तरी समजाव. तुझं ऐकते ती."

तुझं ऐकते ती.

दुपारी ती क्लबच्या कपाटातलं आपलं सामान न्यायला आली आणि पंपघरात डोकावली.

"कोर्सला का जात नाहीस?"

"तिथे पेशंट असतात, मामा." ती अगदी शांतपणे बोलली. "ऐन वेळी माझं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. मी घाबरट आहे. पोहणं काय, सोडलं की सुटलं. तिथे माझ्यामुळे कुणाला तरी त्रास व्हायचा."

"तू घाबरट नाहीस," मी म्हणालो. "मी वेळ खोटी सांगत होतो."

दोन्ही पंप चालू होते. तिने कानाला हात लावला. मला ते सगळं पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. आयुष्यातली एकुलती एक कबुली आणि ती गळा ताणून! पंधराव्या वर्षापासून. रोज. स्पर्धेतली तुझी वेळ हीच तुझी वेळ होती. तू कधी शेपूट घातलं नाहीस. मी पंप बंद केले तेव्हा माझाच आवाज भिंतींवर आपटत होता.

ती रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. ती उलट्या ठेवलेल्या क्लोरीनच्या पिंपावर बसली आणि मनात काहीतरी जुळवत राहिली.

"म्हणजे मी स्पर्धेत पण तेवढीच पोहायचे."

"तेवढीच. कधीकधी थोडी जास्तच."

"आणि तुला माहीत होतं. मी त्या बाईंकडे जात होते तेव्हा पण."

मी होकाराची मान डोलावली.

ती उठली. दारात थांबून तिने विचारलं, "गेल्या वर्षी आईच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा एकोणीसच्या आत आले होते. सगळ्यांनी मला उचलून पाण्यात टाकलं होतं. ती वेळ?"

"ती खरी," मी घाईघाईने म्हणालो. "ती एकदम खरी. त्या दिवशी सर शेजारी दुसरं घड्याळ घेऊन उभे होते. शपथ."

ती माझ्याकडे बघत राहिली. विश्वास ठेवायचं तिच्या मनात होतं, ते मला दिसत होतं.

"बरं," ती म्हणाली. लहान मुलाची समजूत घालावी तशी.

सोमवारी ती कोर्सला गेली. चांगलं चाललंय, एक्स-रे काढताना लहान मुलंसुद्धा तिच्यासमोर हलत नाहीत, असं ताई सांगते. तिथे पोहण्याचा तलाव आहे. ती जात नाही. सुट्टीत आली की माझ्याशी नीट बोलते, चहा करून देते. पण ताईच्या वाढदिवसाची ती वेळ खरी होती हो. अठरा पॉइंट नऊ. ते तिला कळवायला मी दोनदा पत्र लिहिलं आणि दोन्ही वेळा, लिहिणारा मीच, खोट्या वेळा सांगणारा, हे लक्षात आल्यावर, पोस्टात न टाकता फाडून टाकलं.