बाटलीतला जीव

आईच्या मानेवरची गाठ काढली त्या दिवशी मंचरच्या डॉक्टरांनी ती एका छोट्या बाटलीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "पुण्याच्या लॅबमध्ये नेऊन द्या. काय आहे ते तपासल्यावरच कळेल." पेशंटची गाठ पेशंटच्या पोरानेच एसटीतून न्यायची, अशी तेव्हाची रीत. पण तो शनिवार होता, दुपार टळून गेली होती आणि रविवारी लॅब बंद. म्हणजे बाटलीचा मुक्काम आमच्याकडेच.

महाळुंग्याला घरी आणली खरी, पण ठेवायची कुठे? देवघराजवळ आई ठेवू देईना, फ्रीजमध्ये बहीण ठेवू देईना. शेवटी टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवली आणि कुणी हात लावला तर याद राखा, म्हणून सगळ्यांवर ओरडलो. मला भीती वाटली की राग येतो. वडिलांचं उलटं. ते गप्प होतात. जेवताना त्यांनी फळीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी आईला वाकायची बंदी, वजन उचलायची बंदी. रिकामं बसणं तिच्या अंगातच नाही. सारखी उठायची, कांदे निवडायला बघायची. बहीण पुण्याला कॉलेजात होती. तिने हॉस्टेलवरून एक सीडी आणली होती. इराणमधला जुना, रंगीत, गाण्यांनी भरलेला सिनेमा. तिकडच्या लोककथांवरचा.

"आजारी माणसाला परदेशी सिनेमा दाखवतेस होय?" मी खेकसलो. तिने लक्षच दिलं नाही.

सिनेमातल्या राक्षसाने एक अख्खं गाव दगडाचं करून टाकलेलं. बाजारात माणसं जागच्या जागी उभी, कुणाचा हात तराजूवर, कुणाचा तोंडाशी नेलेल्या घासावर. एका विणकराची पोरगी तेवढी वाचलेली. डफ वाजवत चार भिकारी गाण्यातूनच गोष्ट पुढे न्यायचे, मध्येच राक्षसाची टर उडवायचे. आईला वाटलं, वगच चाललाय. बहीण खालची इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगत होती, पण त्या फारसी बोलण्यात शहर, बाजार, बाग असे आपलेच शब्द कानावर पडले की आई तिलाच गप्प करायची. "थांब गं. कळतंय मला."

मग राक्षसाचं गुपित फुटलं. त्याचा जीव त्याच्या अंगात नव्हताच. डाळिंबाच्या बागेत पुरलेल्या एका हिरव्या बाटलीत होता.

"माझी आई पोपटात सांगायची," आई म्हणाली. "ह्यांनी बाटलीत घातला."

आणि तिची नजर टीव्हीवरून वर फळीकडे गेली. आम्हा सगळ्यांचीच गेली. वडिलांचीसुद्धा.

"त्या बाटलीत जीव कुणाचा हाय रं?" तिने मला विचारलं. "त्या गाठीचा असंल तर आत्ता फोड. माझा असंल तर जप."

पडद्यावर पोरीने बाटली उकरून काढली, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. आई म्हणाली, "बंद कर. आता ती बाटली फुटनार, सगळी उठून नाचनार. आपलं काय ते आधी कळू दे. मंग बघू."

बहिणीने टीव्ही बंद केला. सीडी प्लेअरमध्येच राहिली.

सोमवारी पहिल्या गाडीने निघालो. बाटली कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घातली होती आणि डबा मांडीवर धरला होता. खेडच्या घाटात गाडी वळली की मी डब्यावर ओणवा व्हायचो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय हाय पावणं, तूप का?" मी होय म्हणालो. लॅबमधल्या माणसाने बाटली घेतली तेव्हा हात मोकळे झाले, पण हलकं काही वाटलं नाही. उलट आता ती माझ्या नजरेआड होती.

मधले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. घरात कुणी टीव्ही लावला नाही.

रिपोर्ट आणायला परत मीच गेलो. "चरबीची गाठ आहे. घाबरण्यासारखं काही नाही," लॅबमधला माणूस म्हणाला. मी पुन्हा विचारलं. त्याने न चिडता पुन्हा तेच सांगितलं. त्या परक्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. बाहेर आलो आणि समोरच्या बूथवरून शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. आईला बोलावून आणेपर्यंत मीटरचे आकडे पळत राहिले. पळू देत म्हटलं.

"आई, नुसती चरबी होती. कुणाचा जीव-बिव नव्हता त्यात."

"म्हंजी एवढे दिस आपण चरबीला भ्यालो व्हय?" ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडलो, भर दुपारी, काचेच्या खोक्यात उभा राहून. बूथवाला भला माणूस, त्याने पाठ फिरवली.

फोन ठेवायच्या आधी आई म्हणाली, "कुठं थांबू नको. सरळ घरी ये. त्या गावाला लई दिस दगडाचं ठिवलंय आपण."