दुखापतीविना एकतीस रविवार

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोपुढे नाही, वर्गातल्या बायकांपुढे तर नाहीच. संधी मिळाली नाही असं म्हणू? ती तर दर रविवारी मिळते. दर रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी मी वर्ग घेतो — लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या बायकांना दुखापत कशी टाळायची, ते शिकवतो. फुकट शिकवतो, आणि बरं शिकवतो. बढाई नाही ही. वाईट शिकवत असतो, तर पुढचं काही घडलंच नसतं.

मी डॉक्टर नाही. माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात गेली. निवृत्तीनंतर धावायला लागलो, गुडघा बिघडवून घेतला, मग शहाणपण सुचलं. पुस्तकं वाचली, दोन अभ्यासक्रम केले. समजलेलं सोपं करून सांगायची मला जुनी खोड आहे. म्हणून वर्गात एक नियम केला : कुठे दुखतंय ते तोंडाने सांगू नका, हाताने दाखवा. सगळा पंजा फिरवलात तर बहुधा स्नायू — दोन दिवस विश्रांती, मग बघू. एकच बोट ठेवलंत, नेमकं हाडावर — तर धावणं बंद, आधी डॉक्टर. बायकांना हे पाठ झालं. घरी सासूची कंबर दुखली तरी “बोट की पंजा?” असं विचारायला लागल्या.

आणखी एक गोष्ट मी कारखान्यातून आणली. तिथे फाटकावर फळा असायचा, ‘अपघाताविना इतके दिवस’. तसा एक फळा मी कट्ट्याला टेकवून ठेवायचो — ‘दुखापतीविना रविवार’. पुढे खडूने आकडा. कुणाला लागलं की शून्य. हेतू चांगलाच होता. पण आकडा वाढायला लागला की माणसाचं काय होतं, हे मला कारखान्यात दिसलं नव्हतं का? दिसलं होतं — आकडा टिकावा म्हणून लोक जखमा लपवायचे.

सुरेखा परब लालबागच्या. एका खानावळीत पोळ्या करायच्या — दिवसभर उभ्याचं काम. वय पंचेचाळीस, पहिलीच मोठी शर्यत. बेचाळीस किलोमीटर ऐकून बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या तेव्हा या हसल्या होत्या. “आमच्या एका दुपारच्या पोळ्या याच्या दसपट होतात, सर.” मला त्या आवडायच्या. सांगितलेलं सगळं करायच्या, आणि न कळलेलं पुन्हा विचारायच्या.

फळ्यावर ३१ लिहिलं त्या सकाळी त्या लांबचा सराव संपवून आल्या, कट्ट्यावर बसल्या, मोजा खाली केला आणि नडगीवर बोट ठेवलं. एक बोट. घोट्याच्या चार बोटं वर.

“हितंच, सर. झोपेतपण ठणकतं.”

मी अंगठ्याने दाबून पाहिलं. त्यांनी ओठ चावला. हाडाला बारीक चीर गेली असणार, हे मला तिथल्या तिथे कळलं — अंदाज नव्हे, कळलंच. शर्यत तीन आठवड्यांवर होती. शेजारी दोघी-तिघी फळ्याजवळ उभ्या राहून फोटो काढत होत्या. आणि मी काय म्हणालो?

“पंजा फिरवून बघा. सगळीकडेच थोडं दुखतंय ना?”

त्यांनी पंजा फिरवला. मी सांगितलं म्हणून फिरवला. म्हणाल्या, “हो, थोडं सगळीकडेच आहे.” मी म्हणालो, स्नायू आहे, बर्फ लावा. पुढच्या रविवारी मी फळ्यावर ३२ लिहिलं.

शर्यतीत, परतीच्या वाटेवर पेडर रोडचा उतार उतरताना, त्यांचं हाड मोडलं. आवाज शेजारून धावणारीला ऐकू आला म्हणे. मी तिथे नव्हतो, पुढे शेवटच्या रेषेपाशी उभा होतो.

इथपर्यंतचं कदाचित मी कुणाला सांगूही शकलो असतो. चूक झाली, अंदाज चुकला — माणसं समजून घेतात. पण मी संध्याकाळी रुग्णालयात गेलो. पाय प्लास्टरमध्ये, नवरा औषधं आणायला खाली गेलेला. त्यांनी विचारलं, “सर, मी बोट ठेवलेलं ना त्या दिवशी?” आवाजात आरोप नव्हता. त्यांना खरोखरच आठवायचं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “पंजा फिरवलात तुम्ही.”

त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “असेल.”

मला लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त हायसं वाटलं. फळ्यावरचा आकडाही मी पुसला नाही. कारखान्यात फाटकाबाहेरचा अपघात मोजत नसत — शर्यत म्हणजे सराव नव्हे, असं मी बायकांना समजावलं, आणि त्यांना ते पटलं.

पुढच्या वर्षी नवीन बायका आल्या. त्यांना मी दाखला द्यायला लागलो : एक ताई होत्या, त्यांनी दुखणं नीट दाखवलं नाही. दाखला परिणामकारक होता. बायका घाबरायच्या, लगेच येऊन सांगायच्या. त्या वर्षी खरंच कुणाला लागलं नाही. म्हणजे माझ्या खोट्याने भलं झालं? हा हिशोब मी पुष्कळदा मांडून पाहिला आहे. सुरेखाताईंचा पाय वाकडा जुळला. खानावळीतली जागा दुसरीला गेली. आता त्या घरी बसून मसाल्याच्या पुड्या भरतात. धावणं तर सुटलंच.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना वर्गात बोलावलं. हो, मीच. प्रत्यक्ष बघितलं की बायकांच्या मनावर ठसतं, असं माझं मत होतं. त्या आल्या, किंचित लंगडत. चांगली साडी नेसून आल्या होत्या. पंचवीस-तीस बायकांपुढे उभ्या राहिल्या, आणि मी कधी सांगितलं नव्हतं इतक्या मनापासून बोलल्या.

“सरांनी सगळं शिकवलेलं. मीच नीट दाखवलं नाही. तुम्ही असं नका करू, बायांनो. सरांवर विश्वास ठेवा.”

 टाळ्या वाजल्या. पहिली टाळी मी वाजवली.