खोडांवरचे नंबर

जुनी वसाहत पाडून टॉवर बांधायचा, तर पर्यावरणाच्या अहवालासाठी आधी तिथली झाडं मोजतात. खोडांवर रंगाने नंबर घालणं हे माझं काम. काल घातलेले नंबर आज गायब होते. रिकाम्या इमारतीत एकट्या उरलेल्या काकू हातात काथ्या घेऊन उभ्या होत्या.

“नंबर लागला की तोडतात. माहितीय मला.”

“उलट आहे, काकू. नंबर नसलेलं झाड कागदावर नसतंच. ते न विचारता तोडता येतं.”

“आणि नंबरवालं?”

“विचारून तोडतात.”

त्या वरच्या काळोख्या खिडक्यांकडे बघत राहिल्या. तिथून उठून गेलेल्या माणसांसाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.

“मग घाल बाई. इथे झाडं होती, एवढं तरी लिहिलेलं राहू दे.”

मी ब्रश उचलला. समोरच्या जांभळाला नुकती फळं धरली होती.