कशाच्या मानानं?

आंबेगावच्या धरणात बुडालेल्या गावांवरून आमची लाँच जायची. मी नर्स, लसींचा डबा मांडीवर घेऊन बसायचे. समोर पलीकडच्या शाळेतले विज्ञानाचे सर. कुणी काहीही बोललं की ते विचारायचे, “कशाच्या मानानं?” लाँच हळू चाललीय म्हटलं तरी तेच. शिवाय खिशातलं लिंबू सरळ वर उडवून झेलायचे. “लाँच चालू असो की उभी, लिंबू हातातच पडतं. आत बसून काय कळायचं?” लाँचवाले तात्या वैतागायचे. “सर, तुमी गप बसा राव.” मलाही ते जरा अतीच वाटायचं.

एका थंडीतल्या सकाळी धुकं असं दाटलं की काठच दिसेना. तात्यांनी इंजिन बंद केलं. “थांबलोय आपण. धुकं निवळंस्तोवर कुणी हलायचं न्हाई.”

“कशाच्या मानानं थांबलोय?” सरांनी विचारलं.

सरांनी एका बाजारकऱ्याकडून लोखंडी वजन मागून घेतलं, दोरीला बांधलं आणि पाण्यात सोडून तळाला टेकवलं. सरळ असलेली दोरी हळूहळू तिरकी व्हायला लागली. कालव्याला पाणी सोडलं होतं, आणि आम्ही गुपचूप धरणाच्या भिंतीकडं ओढले जात होतो. तात्यांनी इंजिन सुरू करून तळातल्या वजनाच्या दिशेनं, भिंतीपासून लांब, लाँच वळवली.

काठाला लागल्यावर तात्यांनी लाँच दोरानं बांधली. “सर, आता तरी थांबलोय ना?”

सर उतरले. दोन्ही पाय चिखलात रोवून उभे राहिले.

“जमिनीच्या मानानं थांबलोय, तात्या.”